किडनीवरचा व्रण कुणी पाडला?

पत्र:

माझं वय ३९. गेल्या तीन वर्षांत तीनदा हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत कळ, उलट्या. तिन्ही वेळा किडनीचा संसर्ग निघाला आणि अँटिबायोटिकने उतरला. आता सोनोग्राफीत उजवी किडनी ८.४ सेंटिमीटर आणि डावी ११.२ आली आहे, उजवीवर व्रण (जुन्या जखमेचे वण) आहेत. रिपोर्टवर ‘क्रॉनिक पायलोनेफ्रायटिस’ लिहिलंय. क्रिएटिनिन १.१, बीपी १३८/८८, शुगर नाही. घरातले सगळे म्हणतात की तुझी प्रतिकारशक्तीच कमी आहे. नणंदेने ‘इम्युनिटी’च्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स आणून दिलाय. खरंच माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का? त्या गोळ्या घेऊ का? आणि आता काहीच त्रास नसताना कल्चरमध्ये पुन्हा जंतू आलेत, तरी डॉक्टर म्हणतात की औषध नको. जंतू दिसत असताना नुसतं बसून कसं राहायचं? (पहिल्या दोन वेळा ई. कोलाय होता, शेवटच्या दोन्ही रिपोर्टांत प्रोटिअस आहे, लघवीचा पीएच ८. सोनोग्राफीत उजव्या किडनीत एक ठिपका आहे, ‘खडा?’ असं लिहिलंय. लहानपणी मला सारखा ताप यायचा असं आई सांगते.) माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिलाही हे होईल का?

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुम्ही विचारलेल्या प्रश्नांसाठी आणि एकदा तुम्ही कंसात टाकलेल्या तीन वाक्यांसाठी. खरी बातमी त्या कंसात आहे. त्याकडे येतेच, पण आधी प्रतिकारशक्तीचं बघू, कारण घरातल्यांनी तुम्हाला उगीचच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय.

ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मापासून लंगडी असते, अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत, त्यांची तक्रार सहसा छाती, सायनस आणि कान यांची असते. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, कान वाहतो, सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. सगळं शरीर ठणठणीत आणि त्रास फक्त एका किडनीला, तोही दरवेळी त्याच बाजूला. असं असलं की माझ्यासारखी डॉक्टर रक्तातल्या पेशींवर नंतर संशय घेते, आधी मोरी तुंबली आहे का ते बघते. प्रतिकारशक्ती खरोखर खाली ओढणारी कारणंही असतात: ताब्यात नसलेला मधुमेह, स्टेरॉइड, केमोथेरपी, अवयव बदलल्यानंतरची औषधं. त्यांपैकी तुम्ही एकही लिहिलेलं नाही, शुगर नाही हे तर स्पष्टच लिहिलंय.

आता मला स्वतःला फार आवडणारा भाग सांगते. लघवीच्या मार्गाला स्वतःची राखण आहे आणि तिचा मोठा हिस्सा रक्तातून येतच नाही. पहिली राखण म्हणजे धार. ई. कोलायसारखा जंतू मनासारखी परिस्थिती मिळाली की साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. त्याला वाढायला शिल्लक लघवी मिळू न देणं हेच मूत्राशयाचं काम. दुसरी राखण एका प्रथिनाची. १९५० साली टॅम आणि हॉर्सफॉल या दोघांनी ते वेगळं काढलं, आज त्याला उरोमोड्युलिन म्हणतात. निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त सापडणारं प्रथिन तेच. किडनीच्या आतल्या नळ्या ते धाग्यासारखं सोडतात. ई. कोलायला अंगावरच्या बारीक केसांनी पेशीला चिकटायचं असतं, ते केस या धाग्यांत अडकतात आणि जंतू लघवीबरोबर निघून जातो. त्याला मारायचीसुद्धा गरज पडत नाही.

एवढं चुकवून जंतू वर किडनीपर्यंत पोचला, तर तिथल्या पेशी त्याला ओळखतात आणि रसायनांची हाकाटी करतात. त्या हाकेवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. तुमच्या रिपोर्टवर ‘पस सेल्स’ म्हणून जो आकडा असतो तो यांचाच. तुमची हुडहुडी, ताप, रिपोर्टभर पसरलेल्या पस सेल्स, ही प्रतिकारशक्ती जागी असल्याची खूण आहे. केमोथेरपीने ज्यांच्या पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात, त्यांच्या लघवीत संसर्ग असूनही पस सेल्स दिसत नाहीत.

मग एवढी जागी असून ती हरते का? किडनीची रचना बघा. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांना मिळतो, पण तो बहुतेक वरच्या सालीला. आतल्या गाभ्याला त्यातला थोडासाच वाटा येतो, म्हणून तिथे प्राणवायू कमी. वर लघवी घट्ट करण्यासाठी गाभा इतका खारट ठेवलेला असतो की तिथली क्षारता रक्ताच्या चौपटीपर्यंत जाते. अशा खाऱ्या, गुदमरलेल्या जागेत पांढरी पेशी नीट गिळू शकत नाही, मारूही शकत नाही. प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांत गाभ्यात संसर्ग रुजायला अगदी मोजके जंतू पुरले, सालीत मात्र त्यांच्या कितीतरी पट लागले. पाणी वाचवण्याची सोय म्हणून शरीराने जो खारा गाभा केला, तोच त्याचा कच्चा दुवा ठरला.

आणि आता व्रणाचं. तो जंतूंनी पाडला असं आपण धरून चालतो, पण त्यातला मोठा हात धावून आलेल्या पांढऱ्या पेशींचाच असतो. जंतू मारायला त्या जी विकरं (एन्झाइम) आणि प्राणवायूची जहाल रूपं ओततात, ती शेजारच्या नळ्यांनाही जाळतात. जळलेल्या जागी मांस भरत नाही, दोरखंडासारखी ऊती भरते आणि ती आक्रसते. उंदरांच्या एका जातीत पांढऱ्या पेशींना ती रासायनिक हाक ऐकू देणारा एक ग्राहक (रिसेप्टर) प्रयोगासाठी काढून टाकला होता. संसर्ग झाल्यावर पेशी रक्तातून बाहेर आल्या खऱ्या, पण अस्तर ओलांडून लघवीत उतरू शकल्या नाहीत. अस्तराखालीच दाटीवाटीने अडकल्या, तिथे पू साठला आणि किडनीवर व्रण उमटले. ज्या मुलांना किडनीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, त्यांतल्या काहींच्या पेशींवर हाच ग्राहक कमी आढळला आहे. म्हणजे प्रश्न ‘शक्ती किती’ एवढाच नसतो. ती वेळेवर येते का, काम उरकून वेळेवर जाते का, हाही असतो. नणंदबाईंच्या गोळ्यांच्या डबीवर याबद्दल काही छापलेलं असेल असं मला वाटत नाही.

तर गोळ्या. डबीत नेमकं काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगते: घेऊ नका. किडनी आधीच एक बाजूने आक्रसलेली असताना घटक ठाऊक नसलेली वनस्पती घेणं धोक्याचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती गेली आणि कितीतरी तरुण बायकांच्या किडन्या निकामी झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस असतील तर त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं, आणि ऑक्झलेट म्हणजे खड्याचा कच्चा माल. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून खुद्द डॉक्टरांनीही एकेकाळी औषधं दिली. लेव्हामिसोल हे मुळात जंतांवरचं औषध, १९७० च्या दशकात ते या कामासाठी गाजलं. काहींच्या पांढऱ्या पेशी त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरवल्या. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीतून प्रथिन गळण्याच्या आजारात, ते अजून मोजूनमापून वापरतात, पण सरसकट शक्तिवर्धक म्हणून त्याचा काळ संपला.

या बाबतीत अजिबात काही नाही असंही नाही. मेलेल्या जंतूंपासून बनवलेल्या गोळ्या आणि जिभेखाली मारायचे फवारे काही देशांत मिळतात. गोळीत ई. कोलायच्या १८ जातींचा अर्क असतो, फवाऱ्यात चार वेगवेगळे जंतू. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या २४० बायकांवरच्या एका चाचणीत फवारा घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी पुढचे नऊ महिने संसर्गाविना राहिल्या, जंतू नसलेला खोटा फवारा घेतलेल्यांत चौथा हिस्सा. आकडा चांगला आहे. पण या बायकांचा त्रास मूत्राशयातला होता. व्रण पडलेल्या किडनीवर, त्यात खडा असेल तर, यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता तुमचा तो कंस.

प्रोटिअस हा साधा जंतू नाही. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. ते लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतं, लघवी अल्कधर्मी होते, म्हणून तुमचा पीएच ८. अशा लघवीत मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन खडा बांधला जातो. हा खडा वाढत गेला तर किडनीच्या पोकळीत हरणाच्या शिंगासारख्या फांद्या फोडतो. दुखेलच असं नाही. महत्त्वाचं म्हणजे जंतू या खड्याच्या नुसते बाहेर नसतात, थराथरांत आत बांधले गेलेले असतात. अँटिबायोटिक तिथे पोचत नाही, पांढरी पेशीही पोचत नाही. कोर्स घेतला की लघवी स्वच्छ, कोर्स संपला की थोड्याच दिवसांत तोच जंतू परत. तुमच्या शेवटच्या दोन रिपोर्टांची ही चाल बघून मला आधी खडाच आठवतो. एकच जंतू लवकर परत आला तर तो आत कुठेतरी दडून बसलाय, आणि दरवेळी वेगळा आला तर बाहेरून नवा शिरतोय, असा आमचा ढोबळ आडाखा असतो.

म्हणून तुमच्या डॉक्टरांबद्दल माझं उत्तर दोन भागांत आहे. नियम म्हणून ते अगदी बरोबर बोलले. त्रास नसताना केवळ कल्चरमध्ये जंतू दिसले तर गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण सोडून सहसा औषध देत नाहीत. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका आजींचा रिपोर्ट ‘स्वच्छ’ करायच्या मागे लागले होते. त्यांना काही होत नव्हतं, होत होतं ते मला. तीन कोर्स झाले, आणि चौथ्या कल्चरमध्ये असा जंतू आला की ज्यावर फक्त शिरेतून द्यायची औषधं उरली होती. पण प्रोटिअस, पीएच ८ आणि ‘खडा?’ हे तिन्ही एका माणसात जमले की तो नियम बाजूला ठेवून आधी त्या प्रश्नचिन्हाचा निकाल लावायचा. तिन्ही कागद एकत्र घेऊन जा आणि विचारा की साधा, डायशिवायचा सीटी स्कॅन करायचा का. खडा निघाला तर तो पूर्ण काढावा लागेल, युरॉलॉजिस्ट ते दुर्बिणीने करतात. ‘पूर्ण’ यावर जोर आहे, कारण उरलेल्या कणाभोवती तो पुन्हा वाढतो. खडा निघाला नाही तर तुमचे डॉक्टर म्हणतात तेच करायचं.

रिपोर्टवरच्या नावाने घाबरू नका. ‘क्रॉनिक पायलोनेफ्रायटिस’ वाचून वाटतं की आत कायम धगधगतंय. पुष्कळदा ते नाव जुन्या व्रणाचं असतं, जिवंत संसर्गाचं नसतंच. शिकत असताना अशा किडनीची काचपट्टी मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा वहीत ‘थायरॉइड’ असं लिहून मोकळी झाले होते. नळ्या फुगून गोल झालेल्या, आत गुलाबी रस गोठलेला, हुबेहूब थायरॉइड ग्रंथी. शिक्षकांनी वही बघून नुसतं ‘कडेला बघ’ म्हटलं. कडेला दोन-चार निरोगी गुच्छ शिल्लक होते, किडनीतल्या गाळण्यांचे. जंतू एकही नव्हता.

तुमच्या आईला आठवणारे ते ताप इथे जुळतात. मूत्रवाहिनी मूत्राशयात तिरपी शिरते, त्यामुळे मूत्राशय आवळलं की तिचं तोंड आपोआप मिटतं. काही मुलांत हा तिरपा भाग जन्मतः आखूड असतो आणि लघवी उलटी वर चढते. मूल वाढतं, तो भाग लांब होतो, दोष बऱ्याचदा आपसूक जातो, पण तोवर झालेले व्रण तसेच राहतात. तुमचे व्रण किडनीच्या वरच्या-खालच्या टोकाला आहेत का ते रिपोर्टमध्ये बघा. उलट्या चढलेल्या लघवीचे व्रण तिथेच पडतात, कारण टोकाकडच्या नळ्यांची तोंडं नीट मिटत नाहीत. हा दोष तुमच्यात अजून आहे का हे तपासायचं की नाही, ते सीटीनंतर ठरेल.

पुन्हा ताप आला तर? लघवीचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची, बाटलीच्या आतल्या कडेला बोट लागू द्यायचं नाही, आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचा. नमुना दिला की औषध सुरू, कल्चरची वाट बघत बसायचं नाही. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर व्रण कमी पडतो आणि उशीर झाला तर जंतू मेले तरी व्रण उरतो, हे प्राण्यांत स्पष्ट दिसलं आहे. औषध किडनीच्या मांसात पोचणारं हवं. नायट्रोफ्युरँटोइन आणि तोंडाने घ्यायचं फॉस्फोमायसिन मूत्राशयासाठी उत्तम आहेत, पण किडनीत त्यांची पातळी पुरेशी होत नाही. गेल्या वेळची उरलेली स्ट्रिप त्यातली असेल तर तिच्यावर विसंबू नका. औषध कुठलं त्यावर कोर्स सात ते चौदा दिवसांचा असतो. तापाला पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं तुमच्यासाठी बंद. तापाबरोबर उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, लघवी अडली असेल, किंवा खडा आहे हे ठाऊक असताना कळ आणि हुडहुडी दोन्ही सुरू झाली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. रात्र काढू नका. अडलेल्या किडनीतला पू नळी घालून वाट केल्याशिवाय उतरत नाही.

वर्षानुवर्षं रोज एक अँटिबायोटिक घेऊन व्रण टाळता येतील का, असं पुढे कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. २०१४ साली अमेरिकेत लघवी उलटी चढणाऱ्या ६०७ मुलांवरची दोन वर्षांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रोजच्या औषधाने संसर्ग निम्मे झाले, नवे व्रण मात्र दोन्ही गटांत सारखेच, आणि जे संसर्ग झाले त्यांत औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. पाण्याचं मात्र मी सांगेन. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार उन्हाळी लागणाऱ्या १४० बायकांना एका अभ्यासात दोन गटांत विभागलं आणि एका गटाला रोज दीड लिटर जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ संसर्ग झाले, दुसऱ्या गटाला ३.२. हेही मूत्राशयाचंच, पण किडनीकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होते.

खरी चिंता मला तुमच्या दुसऱ्या आकड्यांची आहे. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा; १.१ हा आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतं म्हणून कुणी काही बोललं नसेल. तुमच्या वयाच्या बाईत या आकड्याचा अर्थ गाळण्याचं काम, म्हणजे ईजीएफआर, साधारण ६५ असा निघतो. या वयात तो ९० च्या वर असायला हवा. आणि बीपी १३८/८८. व्रण पडलेली किडनी बीपी चढवते आणि चढलेलं बीपी उरलेल्या किडनीची झीज करतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून लिहून ठेवा आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी करून घ्या. प्रथिन जात असेल तर बीपीच्या औषधांतला एक ठरावीक गट त्यासाठी चांगला, तो डॉक्टर निवडतील. मात्र पुन्हा गरोदर राहायचा विचार असेल तर त्यांना आधी सांगा, त्या गटातली औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

प्रतिकारशक्तीसाठी काहीतरी करायचंच असेल तर फ्लू, न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा जंतू) आणि हिपॅटायटिस बी यांच्या लशींबद्दल आत्ताच विचारून घ्या. किडनीचं काम खूप खाली गेलं की लस अंगाला नीट लागत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांना हिपॅटायटिस बीचा डोस दुप्पट द्यावा लागतो तो त्यामुळेच.

मुलीचं. लघवी उलटी चढण्याचा दोष घराण्यात चालतो, पण तुम्हाला होता म्हणून तिला असेलच असं नाही, आणि तिला काही त्रास नसेल तर तिच्यामागे स्कॅनचा ससेमिरा लावायची गरज नाही. तिच्या बालरोगतज्ज्ञांना तुमच्या किडनीबद्दल सांगून ठेवा. तिला सर्दी-खोकला नसताना नुसताच ताप आला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीची तपासणी आणि कल्चर करायला सांगा. आणि ती शाळेत दिवसभर लघवी रोखून धरते का, ते तिला आज संध्याकाळी सहज विचारून बघा.